सहा टोपल्या आणि चोवीस आंबे

नलिनी सावंतबाई, आईवडिलांच्या पाठोपाठ कोणाचं नाव घेशील असं मला कोणी विचारलं, तर मला विचार करावा लागणार नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि त्या वाटेला मी लागलो तो तुमच्या चौथीच्या वर्गात. हे मी तुमच्या शोकसभेत बोलणार होतो. कागदावर लिहून नेलं होतं. पण साहेब माझ्या आधी बोलले, आणि त्यांचं ऐकल्यावर तो कागद खिशातून काढावासाच वाटेना.

सभा शाळा सुटल्यावर ठेवली होती. मुलांना घरी पाठवून दिलं. "पोरं गोंगाट करतात, आणि साहेबांना परत ऑफिसला जायचंय," असं आमचे मुख्याध्यापक, मोठे सर म्हणाले. तुमच्या शोकसभेत तुमच्या वर्गातलं एकही मूल नव्हतं, बाई. काही जण दप्तरं घेऊन फाटकाशी रेंगाळत होते, त्यांनाही शिपायाने "चला, चला, घर जाव" म्हणून हाकललं. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही सगळे मोठे, भिंतीशी तुमचा फोटो, आणि शेजारी माइक. साहेब म्हणाले, "सावंत मॅडम म्हणजे सोशिकपणाची मूर्ती. एवढ्या वर्षांत कधी तक्रार नाही, कधी चढा आवाज नाही."

ज्यांनी तुमच्याकडून लेखी खुलासा मागवला, तुमचा शाळा सुटल्यावरचा गणिताचा तास बंद केला, तेच हे साहेब. आमच्या भागातल्या शाळांची तपासणी करायला गाडीतून येणारे. तुम्ही गप्प राहिलात याचंच ते कौतुक करत होते, आणि लोक माना हलवत होते. माझे कान तापले.

तुमचा आवाज चढा नसायचा, हे खोटं आहे. मी तो ऐकलाय. मी तुमच्या वर्गात आलो तेव्हा मला वाटायचं, मी गणितात हुशार आहे. बेरीज, वजाबाकी, पाढे, सगळं फाडफाड. पण शाब्दिक उदाहरण आलं की मी ते वाचायचोच नाही. त्यातले आकडे तेवढे वेचायचो आणि जे सुचेल ते करून मोकळा व्हायचो. दोन आकडे मोठे असले तर बेरीज. एक मोठा, एक लहान असला तर वजाबाकी. तुम्ही मागून यायचात आणि खणखणीत आवाजात म्हणायचात, "मेल्या, धावतस खंय? आधी वाच तरी!" कुडाळहून आलेल्या तुम्ही रागावलात की मालवणीत जायचात. अख्ख्या वर्गाला ते कळायचं.

मग एके दिवशी तुम्ही तुमचा तळहात माझ्या पुस्तकावर ठेवलात. आकड्यांवर. "हे झाकले. आता सांग, काय झालं?"

"काय झालं म्हणजे, बाई?"

"म्हणजे गोष्ट काय आहे? कोण आहे, कुठे गेलंय, काय घेतलंय?"

मला सांगता येईना. तुम्ही म्हणालात, घरी जसं बोलतोस तसं सांग. मी घाबरत घाबरत अहिराणीत सुरुवात केली आणि वर्ग खो खो हसला. तुम्ही मागे वळलात. "हसा, हसा. त्याचं गणित सुटत आलंय. तुमचं अजून पुस्तकात बसलंय." त्या दिवसापासून आपल्या वर्गात गणित वारलीत सांगितलं जाऊ लागलं, गुजरातीत, हिंदीत, आणि एक नागपूरकडचा मुलगा होता, त्याच्या झकास वऱ्हाडीत. गोष्ट पूर्ण सांगून होईपर्यंत पेन्सिल हातात घ्यायची नाही, हा तुमचा नियम. तुमचा गृहपाठसुद्धा सोडवायचा नसायचा. घरी जाऊन गणिताची गोष्ट कोणाला तरी सांगायची, एवढाच.

माझे वडील धाग्याच्या कंपनीत मशीनवर होते. पाळी संपवून आले, जेवले, की पाय पसरून म्हणायचे, "आज काय व्हयनं गणितमा?" मी सांगायचो, पहिल्या पाळीत दुसऱ्या पाळीपेक्षा पंधरा कामगार जास्त आहेत, दोन्ही मिळून पासष्ट. ते मध्येच थांबवायचे, "मंग पुढे काय व्हयनं?" पुढे काही नसायचं, प्रश्न असायचा. दुसऱ्या दिवशी मी हात वर करून म्हणालो, दुसऱ्या पाळीत पन्नास. पासष्टातून पंधरा गेले, झालं. तुम्ही मला पुढे बोलावलंत. खडूने फरशीवर दोन लांब पट्ट्या काढल्यात, एक दुसरीपेक्षा थोडी पुढे गेलेली, आणि मला त्या पुढच्या तुकड्यावर उभं केलंत.

"तू जास्तीचा. बाहेर हो."

मी बाहेर झालो.

"आता या दोघी कशा?"

"सारख्या."

"आणि तुझे पन्नास कुठल्या पट्टीत आहेत?"

मी पट्ट्यांकडे बघत राहिलो. पन्नास एका पट्टीत नव्हते. दोन्हींत मिळून होते. पंचवीस! दुसरीत पंचवीस, पहिलीत चाळीस! मी ओरडलो ते शेजारच्या वर्गातही ऐकू गेलं. बाई, पुढे मी कॉलेजात समीकरणं सोडवली, पण तो तुकडा मी स्वतः आहे आणि बाहेर झाल्यावर सगळं सोपं होतं, ही फरशीवरची गंमत कधी विसरलो नाही. आजही अवघड गणित आलं की मी आधी फरशी शोधतो.

वासोण्याला जंगलातले सिंह बघायची सहल ठरली तेव्हाची तुमची एक ओळ मी दर वर्षी मुलांना सांगतो. पन्नास मुलं, एका गाडीत बारा बसतात, किती गाड्या लागतील? सगळ्या वर्गाने लिहिलं, चार गाड्या, बाकी दोन. तुम्ही वही हातात धरून विचारलंत, "ही बाकी दोन कोण आहेत? नावं सांगा. त्यांना सिंहांपाशी सोडून यायचंय का?" तेव्हा पाचवी गाडी निघाली.

आणि शनिवार. शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही फळ्यावर एक असं गणित लिहायचात जे सुटत नाही. त्यातली एखादी गरजेची माहिती मुद्दाम गाळलेली असायची. जो झटकन उत्तर काढेल तो फसला. जो उभा राहून म्हणेल, "बाई, यात अमुक सांगितलेलं नाही," त्याला पूर्ण मार्क. पहिल्यांदा मला हा खेळ अन्यायाचा वाटला. मग हळूहळू कळलं की तुम्ही आम्हाला छापील गोष्टीकडे मान वर करून बघायला शिकवत होतात. आमच्यातल्या कोणाच्याही घरी छापील कागदाला उलट प्रश्न विचारायची रीत नव्हती. कंपनीने कागद पुढे केला की सही, दवाखान्याने कागद दिला की मान डोलवायची. तुमच्या शनिवारामुळे मी पहिल्यांदा म्हणालो, "यात कमी आहे."

म्हणून मला त्या पेपराचा राग येतो. अजून येतो. कमी होणार नाही.

बाहेरच्यांसाठी काय घडलं ते लिहून ठेवतो, कारण शोकसभेत कोणी ते सांगितलं नाही. तोवर मी याच शाळेत कंत्राटी शिक्षक झालो होतो. तुम्ही चौथीला, मी तिसरीला. पहिल्या सत्राचा पेपर वरून आला, सगळ्या शाळांना एकच. त्यात सातवं उदाहरण होतं: एका बागेतून सहा टोपल्या आंबे आले. त्यांपैकी चोवीस आंबे खराब निघाले. तर चांगले आंबे किती?

एका टोपलीत किती आंबे, ते टाइप करताना राहून गेलं होतं. माणसाच्या हातून राहतं, त्याचा राग नाही. तुमच्या वर्गातल्या मुलांनी एकामागून एक तेच लिहिलं, प्रत्येकाने आपापल्या शब्दांत. एका टोपलीत किती ते दिलेलं नाही. एकाने लिहिलं होतं, "टोपली लहान असेल तर सगळेच खराब." गलोंड्याहून येणारी रोशनी, तुमची सगळ्यात बारीक आवाजाची मुलगी, तिने तर दोन टोपल्यांची चित्रं काढून त्यात प्रश्नचिन्हं घातली होती.

सगळ्यांना शून्य. कारण उत्तरसूचीत उत्तर होतं, अठरा.

चोवीसातून सहा. आंब्यांतून टोपल्या वजा! ज्याने सूची केली त्यानेही गोष्ट वाचली नव्हती, आकडे वेचले होते. मी चौथीत करायचो तेच. मला कोणीतरी तळहात ठेवून थांबवलं, त्याला कोणी थांबवलं नसावं. ज्या शाळांतल्या मुलांनी अठरा लिहिलं त्या शाळा पुढे गेल्या, तुमचा वर्ग मागे पडला, आणि तुम्हाला खुलासा विचारला गेला. मोठ्या सरांच्या खोलीत मी हजेरीचं रजिस्टर द्यायला आलो होतो, म्हणून मी ते ऐकलं.

"बाई, अठरा लिहून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"अठरा काय, सर?"

"अठरा म्हणजे... अठरा."

"आंबे की टोपल्या?"

"तुम्ही पण ना, बाई. मला वरती उत्तर द्यायचंय."

तुमचा खुलासा एका ओळीचा होता. मुलांनी लिहिलेले उत्तर बरोबर आहे. खाली सही. त्यावर पंधरवड्यात दोन गोष्टी झाल्या. शाळा सुटल्यावरचा तुमचा तास बंद, आणि वर्गात लावायला एक चकचकीत तक्ता. एकूण, मिळून, सर्व: बेरीज. उरले, गेले, हरवले, खराब: वजाबाकी. प्रत्येकी: गुणाकार. वाटले: भागाकार. साहेब म्हणाले, मुलांना एवढं पाठ करून घ्या, वाचत बसायची गरज नाही.

वाचत बसायची गरज नाही! हे शाळेत म्हणाले ते.

मी तुमच्याशी भांडलो तो त्याच दिवशी. तुम्हाला आठवत असेल, आपण फाटकाशी उभे होतो, कंपन्यांच्या बसेस पाळी सोडून जात होत्या आणि मला त्यांच्या आवाजावर ओरडावं लागत होतं. मी म्हणालो, बाई, वर लिहा. पालकांना बोलवा. मुलांचे मार्क परत मागा. तुम्ही म्हणालात, "आणि मग?"

"मग त्यांना कळेल तरी!"

"त्यांना कळलंय रे. कळलंय म्हणूनच तक्ता आलाय."

"मग तुम्ही गप्प बसणार?"

"मी कधी म्हटलं गप्प बसते? तक्ता लावायला सांगितलाय ना. लावते."

आणि तुम्ही तो खरंच लावलात, फळ्याच्या शेजारी, ठळक. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलंत, जो या तक्त्याला हरवेल असं गणित आणेल त्याने पुढे यायचं. आठवड्याभरात गणितांचा पाऊस पडला. माझ्या पाच गोट्या हरवल्या, आता आठ उरल्या, आधी किती होत्या? तक्ता म्हणतो वजाबाकी, तीन. वर्ग म्हणतो, तेरा. "तक्ता हरला!" अशी आरोळी माझ्या तिसरीपर्यंत यायची आणि माझी पोरं कान टवकारायची. मला हसू यायचं आणि रागही यायचा. कारण ही गंमत चार भिंतींच्या आत होती. बाहेर शून्य तसंच होतं.

आणि एक जण खेळत नव्हतं. रोशनी. मी तिला व्हरांड्यात विचारलं, तू का नाही आणलंस गणित? ती खाली बघून म्हणाली, "सर, मी आता नाही विचारत. दोन आकडे असले की करून टाकते." हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खुर्चीत बसलात. त्याआधी मी तुम्हाला वर्गात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तरीही तुम्ही तक्रार केली नाहीत.

का, ते मला फार उशिरा सुचलं. त्या भांडणात मोठे सर जवळून गेले होते आणि जाता जाता मला म्हणाले होते, "दिनेशसर, तुमचं कंत्राट दर वर्षी नवं होतं, लक्षात आहे ना?" तुम्ही ते ऐकलंत. तुम्ही निवृत्तीला आलेल्या, तुमचं काही वाकडं झालं नसतं. पण तक्रारीमागे मीच आहे असं सगळ्यांना वाटलं असतं. बाई, तुम्ही माझ्यासाठी थांबलात का? तसं असेल तर मला ते मान्य नाही. मला विचारायला हवं होतं. तुम्हीच शिकवलंत की दिलेलं नसेल ते गृहीत धरायचं नाही, आणि माझ्या बाबतीत मात्र गृहीत धरलंत की मी नोकरीला घाबरेन. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहिलं. दिवाळीनंतर तुमचं दुखणं वाढलं, तुम्ही कुडाळला बहिणीकडे गेलात, आणि तुमचा वर्ग माझ्याकडे आला. तक्त्यासकट.

तर ती सभा. साहेबांचं सोशिकपणावरचं भाषण संपलं, आणि मोठे सर म्हणाले, विद्यार्थी म्हणून दिनेशसर दोन शब्द बोलतील. मी माइकशी गेलो आणि म्हणालो, बाईंच्या पद्धतीने एक गणित घेऊ. सहा टोपल्या आंबे आले, चोवीस खराब निघाले, चांगले किती?

दुसऱ्या रांगेतून एक जण पटकन म्हणाला, "अठरा."

"अठरा काय, सर?"

"आंबे."

"मग टोपल्या कुठे गेल्या?"

कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं. शेजारच्या शाळेतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "अगं बाई, एका टोपलीत किती ते सांगितलंच नाही की." मी म्हणालो, मॅडम, हेच लिहिलं म्हणून आमच्या अख्ख्या चौथीला शून्य आहे, आणि हेच शिकवलं म्हणून सावंतबाईंना खुलासा द्यावा लागला. त्या सोशिक नव्हत्या. त्या बरोबर होत्या.

साहेब उठले. "दिनेशसर, ही ती जागा नाही."

"मग जागा कोणती, साहेब? मी तिथे येतो."

ते सरळ गाडीकडे गेले. मोठ्या सरांनी घाईघाईने दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. त्या शांततेत मी पहिल्यांदा रडलो, बाई. रागाने की कशाने, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलांच्या मार्कांसाठी अर्ज दिला. माझ्या नावाने, माझ्या सहीने. निकाल जाहीर झाल्यावर बदल होत नाही, असं तोंडी सांगितलं. मी म्हणालो, लेखी द्या. अजून आलेलं नाही. मी विचारायला जातोच आहे. कंत्राटाचं काय होईल ते होईल. वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग पुढे काय व्हयनं?" म्हटलं, अजून व्हायचंय.

मला या रागासोबत कृतज्ञतेला कुठे ठेवावं ते कळत नाही. दोन्ही एकाच जागेवरून येतात. तुम्ही नसता, तर तो पेपर बघून मला काही चुकलंय असं वाटलंच नसतं. मीही सूची बघून शून्य दिलं असतं आणि घरी जाऊन जेवलो असतो.

शेवटच्या दिवसांत तुम्हाला माझं एक पत्र पोचलं. फोनवर गणित बोलता येत नाही, लिहून पाठव, असं तुम्हीच बजावलं होतंत. तुमच्या भाचीने नंतर सांगितलं की तिने ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही फक्त "शेवटचं परत वाच" म्हणालात. माझ्याकडे त्याचा कच्चा मसुदा आहे. तोच खाली उतरवतो, कारण शोकसभेत जे बोलायचं राहिलं ते मी आधीच तुम्हाला लिहिलं होतं.

ती. बाईंस,
सा. न.

तब्येत कशी आहे? जेवण जातं का? किलवणीच्या एका पालकांनी तुमच्यासाठी चिकू दिले होते. पाठवता येणार नाहीत म्हणून वर्गाने खाल्ले. रागावू नका.

वर्ग ठीक आहे. तक्ता अजून भिंतीवर आहे आणि रोज हरतो. मी फरशीवर पट्ट्या काढतो, पण माझ्या तुमच्यासारख्या सरळ येत नाहीत. मुलं म्हणतात, सर, तुमचा कामगार वाकडा आहे.

आज शनिवार. मी न सुटणारं गणित द्यायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी सुचेना. म्हणून मुलांना म्हणालो, आज तुम्ही मला द्या. सगळ्यांनी पाट्यांवर लिहिलं. गोट्या, बसेस, शेळ्या. मी सोडवत गेलो, काही ठिकाणी फसलो, मुलं खूश झाली. शेवटी रोशनी उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, बाई. पाटी छातीशी धरून आली आणि माझ्या टेबलावर उलटी ठेवून जागेवर पळाली. तिने लिहिलं होतं ते जसंच्या तसं लिहितो.

"आमच्या बाई आजारी आहेत. त्यांनी सुट्टी घेतली. त्या गावाला गेल्या. तर बाई शाळेत कधी येतील?"

आणि खाली तिनेच उत्तर लिहिलं होतं.

"दिलेलं नाही."

मी तिला पूर्ण मार्क दिले. तुमच्या वतीने दिले. चालेल ना, ते कळवा.

आपला विद्यार्थी,
दिनेश